नेहमीच्या वाक्यांच्या खुणा

४ मार्च, बुधवार

दादा,

मायना, खुशाली, थोरांना नमस्कार हे सगळं मी वगळते आहे. तू ते मनातल्या मनात घालून घे. तसल्या वाक्यांचा तुझ्याकडे कधी तोटा नव्हता.

तुझा मेसेज मिळाला. आईला जाऊन आज सोळा दिवस झाले. येत्या एकवीस तारखेला, शनिवारी, तू तिच्या आठवणींसाठी हॉल घेतला आहेस. ऐंशी माणसं येणार, तू बोलणार. आणि माझ्याकडून तुला हवं आहे ते तुझ्याच शब्दांत असं: "बारके, थोडे पॉइंट्स दे ना. ॲक्च्युअली तू तिच्याजवळ होतीस, त्यामुळे तुझ्याकडे कंटेंट जास्त असणार."

चौदा महिने दर तीन तासांनी तिला कुशीवर वळवलं, त्याला कंटेंट म्हणतात हे मला माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलंस.

देते. भरपूर आहे. मात्र फोनवर सांगणार नाही, कारण फोनवर तू बोलतोस. तुझा धंदाच तो. मोठ्या मोठ्या कंपन्या तुला बोलावतात आणि तू त्यांच्या माणसांना कसं बोलावं ते शिकवतोस. मी कोर्टातली स्टेनो. एकवीस वर्षं दुसरे बोलतात ते मी उतरवून घेते, त्यात स्वतःचा शब्द घालत नाही. एका घरात बोलणारा आणि लिहिणारी निघावी याचं आईला फार कौतुक होतं. त्यातलं बरंचसं तुझ्या वाट्याला जायचं ते सोड.

आईची उजवी बाजू गेली तेव्हा औषधांच्या वेळा लिहायला मी एक वही केली. ती आईच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर असायची. आईला तिचा फोन हाताळता येईना, म्हणून तू माझ्या फोनवर करायचास. दर रविवारी सकाळी अकराला. पहिल्याच रविवारी मी फोन खांद्याने कानाला धरला आणि माझा डावा हात वहीवर गेला, उजवा लिहायला लागला. मुद्दाम नाही केलं. समोर कोणी बोलायला लागलं की माझा हात चालतो. पुढे मात्र मुद्दाम केलं.

एकसष्ट रविवार आहेत, दादा. लघुलिपीत, तारीखवार.

आमच्या कामात एक सोय असते. जे वाक्य सारखं सारखं येतं ते प्रत्येक वेळी पूर्ण लिहीत बसायचं नाही, त्याची एक खूण ठरवून टाकायची. 'मला आठवत नाही' या वाक्याला माझी एक खूण आहे, 'हे म्हणणं खोटं आहे' याला दुसरी. एका खुनाच्या खटल्यात आरोपी चार दिवस बोलला, त्याला तीन खुणा पुरल्या होत्या. तुझ्यासाठी सात नव्या कराव्या लागल्या. 'काही लागलं तर सांग, मी आहेच' या वाक्याची खूण म्हणजे एक छोटी आकडी. ती आता माझ्याकडून झोपेतही निघेल.

तू भाषण लिहायला घे. मी पॉइंट्स काढते.

बारकी


९ मार्च, सोमवार

दादा,

भाषणाचा मसुदा मिळाला. दोनदा वाचला. पहिल्यांदा वाटलं, चुकून दुसऱ्या कुणाच्या तरी आईचा पाठवलास. त्यात 'मायेचा सागर' आहे, 'कष्टाची मूर्ती' आहे, 'तिची इन्स्पायरिंग जर्नी' आहे. 'शब्द अपुरे पडतात' तर चार ठिकाणी. अपुरे पडत असतील तर माणसाने थांबावं ना? तू आणखी दीड पान लिहिलंस.

आई मात्र त्यात कुठे नाही. ती बोटं न लावता शिट्टी वाजवायची, आठवतं? तुला गच्चीवरून खाली बोलवायला तिला कधी हाक मारावी लागली नाही. झटका आल्यावर तिचे ओठ एका बाजूला गेले आणि शिट्टी गेली. हात गेल्याचं तिला जितकं वाईट वाटलं तितकंच शिट्टीचं वाटलं. आठवडाभर ती तोंडाने नुसती हवा सोडत होती. हा पॉइंट फुकट घे.

ते 'सागर' आणि 'मूर्ती' मी गिळलंही असतं. पण तिसऱ्या परिच्छेदात तू लिहिलं आहेस, "आम्ही दोघा भावंडांनी मिळून आईला शेवटपर्यंत एकटं पडू दिलं नाही."

मिळून!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी वही काढली आणि मोजायला बसले. 'काही लागलं तर सांग, मी आहेच' अठ्ठावन्न वेळा. तीन रविवार राहिले, त्यातल्या दोन वेळा तुझा फोन मध्येच तुटला. 'सगळं छान होईल' त्रेपन्न वेळा. 'पॉझिटिव्ह राहा' चौरेचाळीस. 'बघू या, जमवतो' एकोणीस वेळा, आणि हे एकोणीसही मी काहीतरी मागितल्यावरचे. 'बेसिकली' मोजायचं मी सोडून दिलं, डोळे दुखायला लागले.

एक नमुना देते. तेहेतिसावा रविवार.

मी: चार दिवस येऊन राहा ना. माझी पाठ धरली आहे, तिला उचलता येत नाही.

तू: अगं हो, तू स्वतःची पण काळजी घे. बेसिकली आपण नीट असलो तरच दुसऱ्याकडे बघू शकतो.

मी: म्हणूनच म्हणते, ये.

तू: बघू या, जमवतो. आणि काही लागलं तर सांग, मी आहेच.

लागलं होतं, दादा. मी तेच सांगत होते. तू मला एखादी शिवी दिली असतीस तरी मी ती कधीच विसरून गेले असते. या गोड गुळगुळीत वाक्यांना धरायला कुठे जागाच नाही. फोन ठेवल्यावर मला वाटायचं, दादाशी छान बोलणं झालं. मग पाठीत कळ यायची आणि कळायचं की काहीच झालं नाही.

तर माझं ठरलं आहे. हे सगळं मी टाइप करते आहे, रविवारमागून रविवार, एकही शब्द न बदलता. ऐंशी प्रती काढणार आणि तुम्ही हॉलवर यायच्या आत प्रत्येक खुर्चीवर एक ठेवणार. तू माइकसमोर उभा राहून गळा साफ करशील तेव्हा समोर ऐंशी माना खाली घालून वाचत असतील. तू 'मिळून' म्हणशील आणि कोणीतरी हसेल. बहुतेक आत्या. तिला हसू आवरत नाही.

भाषणात काही बदलू नकोस. आहे तसंच हवं आहे मला.

बारकी


१३ मार्च, शुक्रवार

दादा,

काल तुझा फोन आला. गुरुवारी! चौदा महिन्यांत पहिल्यांदा रविवार सोडून दुसऱ्या वाराला तुझा फोन आला. म्हणजे जमतं तुला.

सवयीने उतरवून घेतला. तू म्हणालास की मी जजमेंटल होते आहे. मी टॉक्सिक होते आहे. मी लेट गो करायला शिकलं पाहिजे. आईला काय वाटलं असतं, याचा मी विचार करावा. चार माणसांत घरातलं काढू नये. मग तू खालच्या पट्टीत, ज्या आवाजाचे तुला पैसे मिळतात त्या आवाजात म्हणालास, "मी तुझं दुःख समजू शकतो." माझा हात तेवढ्यापुरता थांबला, कारण मला हसू आलं.

आत्याचाही फोन येऊन गेला. म्हणजे तू तिला सांगितलंस. ती म्हणाली, "अगं, भाऊ आहे तो तुझा. पुरुषांना नाही जमत हे असलं." हेही मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्याचीही एक खूण करून टाकावी.

वहिनीने मात्र फक्त एवढंच विचारलं, "तुमची पाठ आता कशी आहे?" तुझ्या घरातून आलेला पहिला खरा प्रश्न. तिला माझा नमस्कार सांग.

माझा विचार बदललेला नाही. चाळीस पानं टाइप झाली. छान दिसतात.

बोलण्याच्या शेवटी तू मध्येच म्हणालास, "मी फोन केला की आई झोपलेलीच असायची गं." हे तुझ्या नेहमीच्या वाक्यांतलं नव्हतं. आवाजही तो नव्हता. मला ते पूर्ण लिहावं लागलं.

आजारी माणूस झोपतं. औषधंच तशी होती. तू इथे असतास तर तुला कळलं असतं.

बारकी


१८ मार्च, बुधवार

दादा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. हे चौथं आहे.

आमच्याकडे कुठलीही प्रत ताडून बघितल्याशिवाय बाहेर जात नाही. दोघींनी बसायचं, एकीने वहीतलं मोठ्याने वाचायचं, दुसरीने टाइप केलेल्या कागदावर बोट फिरवत जायचं. आपली अक्षरं आपणच ताडली तर डोळा आपल्याला हवं तेच वाचतो, म्हणून दुसरं माणूस लागतं. माझी लघुलिपी वाचू शकेल असं एकच माणूस आहे, आमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई. मला शिकवलं त्यांनी. येत्या महिन्यात त्या निवृत्त होतात. काल दुपारच्या सुट्टीत मी वही त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "बाई, घरचं आहे, पण ताडून द्या."

तुझ्या खुणांची यादी मी त्यांना लिहून दिली होती. त्या वाचत गेल्या. त्यांचा वाचायचा आवाज सपाट असतो, खून असो की घटस्फोट असो. तुझं 'सगळं छान होईल' त्यांच्या तोंडून ऐकताना मला इतकं बरं वाटत होतं की काय सांगू. पहिले पंधरा रविवार असे झाले. सोळाव्याला त्या थांबल्या.

"ही आडवी रेघ कसली?"

मी म्हटलं, "काही नाही, पेन घसरलं असेल."

त्यांनी पान उलटलं. पुढचं उलटलं. बोट लावत लावत शेवटपर्यंत गेल्या.

"सेहेचाळीस ठिकाणी घसरलं? आणि दर वेळी त्याच जागी? भाऊ विचारतो, 'आई काय करतेय', आणि त्याच्याखाली रेघ."

मी वही ओढून घ्यायला गेले, त्यांनी बोट उचललं नाही.

"खूण आपण नेहमीच्या वाक्यालाच करतो ना गं? यादीत नाही ही. कुणाचं वाक्य आहे?"

"माझं."

"काय आहे?"

"झोपलीये ती."

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तेहेतिसाव्या रविवारचं तुझं सगळं बोलणं टाइप केलं आहेस. पाठ दुखते ते आहे, ये म्हणालीस ते आहे. मग हे का नाही घेतलंस?" मग त्यांनी विचारलं, "झोपायच्या का त्या अकराला?"

नाही, दादा. आई अकराला कधीच झोपली नाही. साडेदहाला मी तिचं अंग पुसायचे, केस विंचरायचे, खिडकीकडे तोंड करून उशीला टेकवून बसवायचे. अकराला ती दिवसातली सगळ्यात जास्त जागी असायची.

पहिले पंधरा रविवार तुझं माझ्याशी बोलणं झालं की मी फोन तिच्या कानाला धरायचे. तू पाच मिनिटं बोलायचास आणि ती दिवसभर तेच उगाळत बसायची. "सगळं छान होईल म्हणाला. पॉझिटिव्ह राहा म्हणाला." तिचं बोलणं जड झालं होतं, पण तुझी वाक्यं ती नीट म्हणायची, घोकल्यासारखी. पंधराव्या रविवारी सकाळी ती मोरीत पडली. मी एकटीने उचललं. माझी पाठ तेव्हापासून गेली, तेहेतिसाव्या रविवारी नाही. दोन तासांनी तुझा फोन आला. बोलून झाल्यावर ती हसत मला म्हणाली, "तूही जरा दादासारखं बोलत जा. तुझ्या तोंडून कधी चांगला शब्द निघत नाही बघ."

तिच्या अंगाला लावलेली पावडर अजून माझ्या हाताला होती.

पुढच्या रविवारी तू विचारलंस, "आई काय करतेय?" मी तिच्याकडे बघत म्हटलं, "झोपलीये ती." किती सोपं होतं! तुझी वाक्यं मी तिच्यापर्यंत पोचू देणार नव्हते. तुला तिचा आवाज मिळणार नव्हता. हवा असेल तर ये आणि घेऊन जा. हा माझा सूड तेव्हापासूनच चालू होता. त्या ऐंशी प्रती म्हणजे नुसता शेवटचा भाग.

सुरुवातीला ती विचारायची, "कुणाचा फोन?" मी सांगायचे, ऑफिसचा. मग तिने विचारायचं सोडलं. तिला कळलं होतं. रविवार तिला कळायचा, तुझं बोलणं फोनमधून थोडंफार तिलाही ऐकू जायचं. पण ती मला एकदाही काही बोलली नाही. आणि शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत, दादा, फोन वाजला की ती स्वतःच डोळे मिटून घ्यायची. मी ठेवेपर्यंत उघडायची नाही. मला खोटं बोलावं लागू नये म्हणून.

हे मी बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "टाइप कर. दोन्ही बाजू असतील तरच मी सही करीन." मी तिथेच बसून सेहेचाळीस वेळा टाइप केलं. टाइप करताना खूण चालत नाही, प्रत्येक वेळी पूर्ण लिहावं लागतं. बाईंनी उरलेले रविवारही वाचून खाली लिहिलं, 'मूळ टिपणाशी ताडून पाहिली, बरोबर आहे,' आणि आम्ही दोघींनी सह्या केल्या.

याने तू सुटलास असं समजू नकोस. सेहेचाळीस वेळा तुला सांगितलं की ती झोपली आहे, आणि सेहेचाळीस वेळा तू म्हणालास, "बरं बरं, झोपू दे." एकदाही 'उठव तिला' म्हणाला नाहीस. एकदाही तासाभराने परत केला नाहीस. तू एखाद्या सोमवारी जरी फोन केला असतास तरी मी पकडली गेले असते. मी वाट बघत होते पकडली जायची. तुझ्या सोयीचं होतं म्हणून माझं खोटं चाललं.

ऐंशी प्रतींचा गठ्ठा या पत्राबरोबर तुझ्याकडे पाठवते आहे. खुर्च्यांवर ठेवायचा तर तू ठेव. मी हॉलवर वेळेत येईन आणि जिथे जागा मिळेल तिथे बसेन.

बारकी


२३ मार्च, सोमवार

दादा,

तू गठ्ठा आणला होतास. मी आल्या आल्या पाहिला, माइकच्या टेबलाखाली, तसाच दोरीने बांधलेला. तुझं बोलणं सुरू होईपर्यंत माझं लक्ष त्या दोरीवर होतं. मी वही उघडून बसले होते.

तू भाषणाचा कागद खिशातून काढलास आणि परत ठेवलास. मला वाटलं, आता. मग तू सरळ माझ्याकडे बघून बोलायला लागलास. "माझ्या बहिणीबद्दल बोलायला शब्द अपुरे आहेत. तिने आईला फुलासारखं जपलं. बेसिकली, तिच्यासारखी मुलगी मिळायला भाग्य लागतं. आई शेवटपर्यंत शांत होती, ती केवळ हिच्यामुळे." सगळी तुझी नेहमीचीच वाक्यं. सात खुणांतच मावली असती. मी मात्र एकही उतरवू शकले नाही, पान कोरं राहिलं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या खुर्चीवरच्या एका म्हातारीने माझा हात हातात घेतला आणि सोडेना. आत्या रडली. ऐंशी माणसं एकेक करून माझ्याजवळ आली आणि म्हणाली, धन्य आहेस. मी प्रत्येकाला मान हलवली. कुणाला काय सांगू? सगळं ठाऊक असलेला एकच माणूस त्या हॉलमध्ये होता आणि तोच मला मखरात बसवत होता.

तू सूड घेतलास की पांघरूण घातलंस, हे मला अजून कळलेलं नाही. सूड असेल तर मानलं तुला. मी वर्षभर खपून जे केलं ते तू पाच मिनिटांत केलंस. तुझी वाक्यं इतकी लागतात हे मला माहीत नव्हतं. आईला लागायची तेव्हा मी तिला वेड्यात काढलं होतं.

गठ्ठा तू गाडीत ठेवलास तेही पाहिलं. जाळू नकोस, एवढंच.

निघताना दारात तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि वाक्य आलंच. अर्ध्यात तुझ्या लक्षात आलं, तू थांबलास, पण इतक्या सवयीचं वाक्य थांबत नाही. "...लागलं तर सांग, मी आहेच." एकोणसाठ.

लागलं आहे, दादा. ऐक.

येत्या रविवारी अकराला फोन कर. मी तिच्या खोलीत बसेन, खिडकीजवळ. साडेदहालाच तयार असेन. इकडचं तिकडचं काही बोलू नकोस, छान होईल वगैरे नको. नेहमीसारखं एवढंच विचार, आई काय करतेय.

मी सांगेन, जागी आहे. मग फोन तिच्या उशीजवळ ठेवून मी बाहेर जाईन. तुला जे बोलायचं राहिलं असेल ते बोल. मी उतरवून घेणार नाही.

बारकी